टायमिंग बेल्ट घरीच बदलला, आता सेल्फ फिरतो पण गाडी सुरूच होत नाही

सुईदोरा

नमस्कार मंडळी. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात माझी २४ वर्षं गेली. सुई तळाला जाऊन सव्वादोन मिलिमीटर वर आली की हुकचं टोक नेमकं तिच्यामागे आलं पाहिजे, हे मी अर्ध्या झोपेतही लावून देतो. त्यामुळे गाडीचा टायमिंग बेल्ट (इंजिनचे शाफ्ट एका ठेक्यात फिरवणारा दातेरी पट्टा) म्हणजे असं काय मोठं, अशी मस्ती होती. ती उतरली आहे.

गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, एकच कॅम (वॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या झडपा, उघडणारा शाफ्ट). बेल्टला पाठीमागून बारीक भेगा पडल्या होत्या म्हणून बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) दोन्ही नवे आणले. उतरवण्याआधी कॅमची खूण वर घेतली, आणि क्रँकच्या (पिस्टनना जोडलेल्या शाफ्टच्या) गिअरवर व शेजारी ब्लॉकवर मार्किंगच्या खडूने एक सरळ रेघ मारली. कापडावर मारतो तशीच. नवा बेल्ट चढवला, टेन्शनर लावला, पान्याने क्रँक एक फेरा फिरवला. खडूची रेघ बरोब्बर जुळली. कॅमची खूण मात्र थेट खाली! म्हटलं, बेल्टने दात सोडले. सगळं पुन्हा उतरवलं.

इथून पुढे गोंधळ. बेल्ट निघाल्याबरोबर कॅमने आपणहून एक झटका मारला. खूण वर आणायला मी तो पान्याने फिरवत होतो, तर मध्येच अडला. जोर केला नाही. थोडा मागे घेतला, क्रँक जरा सरकवला, मग कॅम मोकळा फिरला. तोवर खडूची रेघ माझ्याच फडक्याने पुसली गेली होती. मग पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून आत लांब स्क्रूड्रायव्हर सोडला, तो वर येऊन थांबल्यासारखा वाटला तिथे क्रँक ठेवला. शाफ्टच्या चावीची खाचही सरळ वर होती, त्यामुळे बिनधास्त बेल्ट चढवला. या वेळी हाताने फिरवून पाहिलं नाही, पुन्हा तोच ताप नको म्हणून.

सेल्फ चारदा मारला, पाच-सहा सेकंद प्रत्येकी. इंजिन फिरतं, पण नेहमीपेक्षा हलकं. एअर फिल्टरच्या बाजूने फुस्स-फुस्स होतं. पेट्रोलचा वास येतो. बॅटरी चार्ज केलेली आहे. सेन्सर गेला असेल, की मी वॉल्व्ह वाकवून बसलोय?

पाना_दहा_बारा

सगळ्यात आधी सेल्फ मारणं बंद. बऱ्याच इंजिनांत उघडा वॉल्व्ह आणि टॉपला, म्हणजे अगदी वर, आलेला पिस्टन एकाच जागेत येऊ शकतात, त्या दोघांना वेगळं ठेवण्याचं काम बेल्ट करतो. टायमिंग चुकलं असेल तर दर सेल्फला तुम्ही नशीब आजमावताय.

दोन गोष्टी सांगा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत होता का? आणि आवाज कसा होता? ठेक्यात ‘घ्यँव-घ्यँव-घ्यँव’, एकसलग ‘घर्रर्र’, की मध्येच एखादा ठोका गळत होता?

रिटर्न_लाइन

काटा मेल्यासारखा पडून असेल तर क्रँक सेन्सर बघा. बेल्टचं काम करताना त्याचं सॉकेट काढतात आणि विसरतात, मी स्वतः विसरलोय. काही इंजिनांत क्रँकच्या गिअरमागे सेन्सरसाठी दातेरी चकती असते, ती उलटी बसली तरी हीच रड. पण तुमच्या वर्णनावरून मला वाटतं कॅम १८० अंशांनी उलटा लागलाय.

चौथा_गिअर

घरचे प्रयोग थांबवा आणि गॅरेजला द्या. इंजिन म्हणजे शिलाई मशीन नव्हे.

काळेहात

रिटर्न_लाइन, एकच कॅम असताना ते होणार नाही. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. म्हणून कॅमची खूण खाली दिसली तर क्रँक आणखी एक फेरा फिरवा, ती वर येते. पहिला आणि चौथा पिस्टन एकदमच टॉपला येतात, त्यामुळे वॉल्व्हच्या हिशोबात काही बिघडत नाही. दोन कॅम असते आणि एक दुसऱ्याच्या तुलनेत उलटा लागला असता, किंवा डिस्ट्रिब्युटर (प्लगना पाळीपाळीने ठिणगी देणारा भाग) उपसून उलटा बसवला असता, तर गोष्ट वेगळी.

आणि सुईदोरा, रागावू नका, पण तुमच्या रोटरी मशीनमध्ये एका टाक्याला हुकचे किती फेरे होतात?

सुईदोरा

दोन.

दोन होतात हो! कपाळ माझं. म्हणजे पहिल्यांदा बसवलेला बेल्ट बरोबर होता आणि मी बरोबर लागलेलं काम उपसून चुकीचं लावलं.

काटा हलत होता, अडीचशेच्या आसपास. आवाज ‘घर्रर्र’, एकसलग. चौथा_गिअर, शिलाई मशीनबद्दल आपण नंतर बोलू.

काळेहात

होतं असं. काटा हलला म्हणजे क्रँक सेन्सर जिवंत आहे, तो विषय सोडा. एकसलग घर्रर्र म्हणजे कॉम्प्रेशनचा, सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा, अडसरच जाणवत नाही. मशीनमध्ये सुई न लावता चाक फिरवल्यावर कसं रिकामं लागतं, तसं. आता चारही सिलिंडरला सारखंच कमी आहे की एखाद-दुसऱ्यालाच नाही, एवढंच शोधायचं.

कॉम्प्रेशन गेज मिळवा. पण त्याआधी क्रँकला पाना लावून इंजिन सावकाश दोन फेरे फिरवा, चालायच्या दिशेनेच. मनगटाला कुठे कडक अडल्यासारखं लागलं तर तिथेच थांबायचं. मोकळं फिरलं तर चारही प्लग काढा, इंजेक्टर आणि कॉइलचे सॉकेट काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. चारही सारखे आणि कमी आले तर टायमिंग उशिरा किंवा लवकर लागलंय, वॉल्व्ह बहुतेक शाबूत. तीन बरे आणि एक शून्य आला तर त्याचा वॉल्व्ह वाकला, हेड उतरवायची तयारी ठेवा. फिल्टरकडून येणारी फुस्स ऐकून माझी पैज पहिल्या शक्यतेवर आहे: कॅम मागे पडला की इनटेक वॉल्व्ह (हवा आत घेणारा) उशिरा मिटतो, आणि पिस्टन वर येताना भरलेली हवा परत फिल्टरकडे ढकलतो.

सुईदोरा

गेज मागून आणला. हाताने फिरवताना कुठेही अडलं नाही, पण दुसरा फेरा पूर्ण होईपर्यंत श्वास धरला होता.

पहिला ६.५ बार, दुसरा ६.५, तिसरा ६, चौथा ६.५.

पाना_दहा_बारा

वा! एवढ्या कमी आकड्यांवर कुणाचं अभिनंदन करायची वेळ पहिल्यांदाच आली. चारही सारखे आहेत, वॉल्व्ह वाचलेत. धड पेट्रोल इंजिनला साधारण १० ते १३ बार मिळतात.

काळेहात

आता चूक कुठे झाली ते. गिअरचे दात मोजले का? बहुतेक क्रँकला २० आणि कॅमला ४० असतील. म्हणजे एक दात चुकला की क्रँकचे १८ अंश गेले. स्क्रूड्रायव्हरवर भिस्त ठेवलीत, तिथे घात झाला. टॉपच्या जवळ पिस्टन जवळजवळ उभाच असतो. ८० मिलिमीटर स्ट्रोक धरला तर पहिल्या ५ अंशांत पाव मिलिमीटरही उतरत नाही, आणि अख्खा दात चुकला तरी जेमतेम अडीच मिलिमीटर. तुमचं सव्वादोन मिलिमीटरचं गणित आहे, तेवढंच इथे हातातून निसटलं. चावीची खाच वर म्हणजे टॉप, असाही नियम नाही, ते इंजिनागणिक बदलतं. क्रँकच्या गिअरवर एका दाताशी ठिपका किंवा खाच असते आणि समोर ऑइल पंपाच्या अंगावर तिची जोडीदार खूण. तेलाच्या राबाखाली असेल. जुन्या टूथब्रशने घासा.

बेल्ट काढण्याआधी या दोन खुणा समोरासमोर आणा, मग कॅमची खूण किती दात मागे आहे ते मोजून ठेवा. बेल्ट काढला की क्रँक पाव फेरा मागे घ्यायचा, म्हणजे चारही पिस्टन अर्ध्यावर येतात आणि कॅम कसाही फिरवला तरी वॉल्व्ह धडकत नाही. मागच्या वेळी तुमचा कॅम अडला तो वॉल्व्ह पिस्टनला टेकला म्हणून. तिथे जोर केला नाहीत, ते हाताचं वळण मशीनवरच लागलेलं असणार.

चढवताना क्रँकपासून सुरुवात करा आणि टेन्शनर नसलेल्या बाजूने कॅमपर्यंत बेल्ट ताठ ओढून न्या. सगळी ढील टेन्शनरच्या बाजूलाच राहिली पाहिजे. दुसऱ्या बाजूला राहिली तर खुणा जुळलेल्या दिसतात, पण पहिल्या फेऱ्यात क्रँक आधी ती ढील खातो आणि कॅम एक दात मागे राहतो. मग हाताने दोन फेरे. एक नाही, दोन! बेल्टवर छापलेल्या रेघा तेव्हा जुळणार नाहीत, त्यांच्याकडे बघू नका. फक्त गिअरच्या खुणा.

सुईदोरा

ठिपका सापडला. राब एवढा होता की मी त्याला गिअरचाच भाग समजलो होतो. क्रँकच्या खुणा जुळवल्या तर कॅम दोन दात मागे होता. एक दात खाचेचा आणि एक ढिलीचा, असा माझा हिशोब. ढीलही मी चुकीच्याच बाजूला ठेवली होती. बेल्ट हाताला सैल लागला तेव्हा टेन्शनर घेईल सांभाळून, असं वाटलं होतं.

तुम्ही म्हणालात तसं सगळं पुन्हा केलं. या वेळी खुणांवर पांढरा रंग लावला, खडू नाही. हाताने दोन फेरे, खुणा जुळल्या. खात्री वाटेना म्हणून आणखी दोन. परत कॉम्प्रेशन घेतलं: १२, १२, ११.५, १२. सॉकेट जोडले, प्लग ओले होते ते पुसून लावले आणि सेल्फ मारला. दुसऱ्या फिरकीत सुरू झाली! थोडा धूर आला, मग साफ.

एकच शंका. बेल्टच्या बाजूने बारीक शीळ येते, रेस केली की चढते.

काळेहात

बेल्ट जास्त ताणलाय. आता ढिलीची धास्ती घेऊन टेन्शनर आवळलात ना? इंजिन पूर्ण गार होऊ द्या, टेन्शनरचा नट सैल करा आणि त्याचा काटा खाचेच्या बरोबर समोर आणून पुन्हा आवळा. तसाच चालवलात तर टेन्शनर आणि वॉटर पंप दोघांचे बेअरिंग जातील.

सुईदोरा

काटा खाचेच्या पुढे चांगला दोन मिलिमीटर होता. परत आणला. शीळ बंद.