मदत हवी आहे : बंद केलेलं ऑटोफिल परत चालू होतंय

नमस्कार मंडळी. म्हापशात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, ऑनलाइन फॉर्मही भरून देतो. कॉम्प्युटर एकच. ब्राउझरचं ऑटोफिल, म्हणजे आधी भरलेली माहिती आपोआप सुचवणं, मी कधीच बंद केलंय, पण अपडेट आलं की पठ्ठ्या परत चालू!

परवा शुक्रवारी, ऐन बाजाराच्या गर्दीत, शिवोलीच्या एका काकींचा फॉर्म भरत होतो. मोबाइल नंबरच्या चौकटीत क्लिक केलं, तर खाली आधीच्या तीन गिऱ्हाइकांचे नंबर. पत्त्याच्या चौकटीत तर काकींच्या शेजाऱ्याचाच पत्ता. "हें कितें रे?" म्हणाल्या. काय सांगणार, कपाळ!

ब्राउझरच्या कंपनीला तीनदा कळवलं. दर वेळी एकच उत्तर, कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या तात्पुरत्या फाइली) साफ करा. अहो, रोगच वेगळा आहे!

इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खाजगी खिडकी, वापरून बघितलं. पण त्याच्या सगळ्या खिडक्या बंद केल्याशिवाय आधीच्याचं लॉगिन जात नाही, आणि उतरवलेल्या पीडीएफ तशाच फोल्डरमध्ये पडून राहतात. गर्दीत विसरायला होतं.

विंडोजच्या रजिस्ट्रीतून (आतल्या सेटिंगांच्या नोंदीतून) पॉलिसी, म्हणजे पक्का नियम, लावून ऑटोफिल कायमचं बंद करता येतं ना? कोणी केलंय का? की सरळ फायरफॉक्सवर जाऊ? पुढच्या शुक्रवारच्या आत सांगाल तर बरं.