सुपरहिरोपट का आपटतायत: राजकारण की खर्चाचं गणित?

देवगडकर: आमच्याकडे नाक्यावर एकच वाद, मार्व्हल-डीसी या सुपरहिरोवाल्या कंपन्यांचे सिनेमे 'अजेंडा घुसवल्यामुळे', म्हणजे राजकीय हेतूने नायिका पुढे केल्यामुळे, पडतात. खरं कारण आकड्यांत सांगा.

वेंगुर्ल्याचा_वारा: आधी हिशेब बघा. तिकिटाच्या पैशातला साधारण निम्माच स्टुडिओकडे पोचतो, चीनमधून तर पाव हिस्सा. जाहिरात वेगळी. त्यामुळे २० कोटी डॉलरचा सिनेमा ४० कोटी जमवूनही तोट्यात राहू शकतो. 'द फ्लॅश'चा (२०२३) खर्च २० कोटींच्या पुढे, जगभरची कमाई सुमारे २७ कोटी. तिथे तर नायक पुरुषच होता.

चिपळूणची_मेघा: दादा, मग 'द मार्व्हल्स'? तीन नायिका आणि जेमतेम २० कोटी.

वेंगुर्ल्याचा_वारा: त्यातल्याच एका नायिकेच्या २०१९ च्या 'कॅप्टन मार्व्हल'ने ११३ कोटी डॉलर केले, मेघाताई! मधल्या काळात मार्व्हलची मालक कंपनी डिस्नेचं स्वतःचं ओटीटी आलं. उरलेल्या दोघींची कथा तिथल्या मालिकांतून पुढे सरकलेली. मालिका न बघणारा प्रेक्षक थेटरात अर्धवट माहितीवर बसतो. शिवाय अमेरिकन कलाकारांचा संप ९ नोव्हेंबर २०२३ ला सुटला, सिनेमा १० ला लागला. संपामुळे कलाकारांना त्याआधी प्रचार जवळजवळ करताच आला नाही.

गुहागरी: राजकारणाचा परिणाम शून्य, असंही नाही. 'कॅप्टन मार्व्हल'वर प्रदर्शनाआधीच नकारात्मक शेऱ्यांचा एवढा भडिमार झाला की रॉटन टोमॅटोज या सिनेपरीक्षणांच्या वेबसाइटने प्रेक्षकांचे प्रदर्शनपूर्व शेरे बंद केले. गल्ला मात्र अडला नाही. माझ्या मते अशा मोहिमा काठावरच्या प्रेक्षकालाच हलवतात. कथा ढिली असेल तेव्हाच त्या चावतात.