सोशल सिक्युरिटी आत्ताच सुरू करावी की ह्यांनी ७० पर्यंत थांबावं? (स्टाफ कमी होतोय म्हणून घाई चाललीय)

नमस्कार मंडळी, अमेरिकेत राहणाऱ्यांपैकी ज्यांनी गेल्या वर्षभरात सोशल सिक्युरिटी (म्हणजे इथलं सरकारी पेन्शन) सुरू केलीय किंवा मुद्दाम थांबलेत त्यांचं मत हवंय. थोडं लांबणार आहे, पण आकडे दिल्याशिवाय कोणाला नीट सांगता येणार नाही.

हे १९५९ चे, ऑक्टोबरमध्ये ६६ पूर्ण झाले. मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आणि नोकरी सोडली. मी १९६३ ची, अजून पार्टटाइम करते. ह्यांची फुल रिटायरमेंट एज (न कापता पूर्ण पेन्शन मिळायचं वय) ६६ वर्षं १० महिने, म्हणजे येत्या ऑगस्टात, माझी ६७. आमचं आधीच ठरलं होतं की हे ७० पर्यंत थांबणार आणि तोवर फोर-ओ-वन-के (नोकरीतली निवृत्तीसाठीची बचत) मधून काढून भागवायचं. पण २०२५ च्या फेब्रुवारीत सोशल सिक्युरिटीचा स्टाफ ५७ हजारांवरून ५० हजारांवर आणायचं जाहीर झालं, दहा रीजनल ऑफिसांची चार करायची म्हणाले, मग मार्चमध्ये आलं की फोनवर ओळख पटवणं बंद, ऑनलाइन जमलं नाही तर ऑफिसात या, आणि एप्रिलमध्ये फोनवरून क्लेम परत चालू. त्याच वर्षीच्या जानेवारीपासून ऑफिसात जायचं तरी आधी अपॉइंटमेंट लागते. हे सगळं वाचून वाचून ह्यांच्या डोक्यात एकच बसलंय की चार वर्षांनी अर्ज करायला जाऊ तेव्हा समोर बोलायला माणूस तरी असेल का, त्यापेक्षा आत्ताच करून मोकळं होऊ. ओळखीतल्या दोघांनी तेच केलंय, त्यामुळे त्यांना जास्तच जोर आलाय.

आता हिशोब. ऑगस्टात घेतले तर महिना २४०० डॉलर. आत्ता घेतले तर दहा महिने आधी म्हणून साडेपाच टक्के कमी, साधारण २२६७. ७० ला घेतले तर ३००८ च्या आसपास, कारण फुल एजनंतर वर्षाला ८ टक्के वाढतात. चार वर्षांत जे सोडणार ते अंदाजे १ लाख ९ हजार, ते भरून निघायला ह्यांचं वय ८२ उलटावं लागेल (महागाईची वाढ धरली नाहीये). ह्यांचं म्हणणं, माझ्या हृदयाचं बघ, ८२ कोणी पाहिलंय. आणि नेमकं इथेच माझी गाडी अडते. दोघांपैकी एक गेलं की दोन्हीतली मोठी रक्कम तेवढी मागे राहते. म्हणजे ह्यांनी आत्ता घेतली तर मला पुढे २२६७ वर, ७० ला घेतली तर ३००८ वर, आणि मधेच काही झालं तरी तोवर वाढलेलं मला मिळतं. आमच्या घरात माझी आजी ९३ आणि आई ९० पर्यंत होती. म्हणजे ह्यांनी थांबणं हा खरं तर माझ्यासाठीचा विमा आहे. पण हे वाक्य नवऱ्यासमोर बसून बोलायचं कसं? दोनदा सुरुवात केली आणि दोनदा विषय बदलला.

२०३३ ची भीतीही आहेच. सोशल सिक्युरिटीचा फंड सांभाळणाऱ्या ट्रस्टींच्या २०२५ च्या रिपोर्टप्रमाणे रिटायरमेंटचा फंड २०३३ मध्ये आटेल आणि काही केलं नाही तर ठरलेल्याच्या ७७ टक्केच देता येतील. ह्यांना वाटतं आधी घेतलेले सुटतील. मी जेवढं वाचलं त्यात असं काही नाही, सध्याच्या कायद्याने ती कपात सगळ्यांनाच बसेल, मग २२६७ चे ७७ टक्के बरे की ३००८ चे? दुसरं म्हणजे २०२६ साठी जी महागाईची २.८ टक्के वाढ जाहीर झाली ती आपली बुडते असंही त्यांना वाटत होतं. ६२ झाल्यावर क्लेम केला नसला तरी ती धरली जाते, हे पटलंय एकदाचं.

माझं वेगळंच. ६७ ला ११००, आत्ता घेतले तर ७७०. पगार वर्षाला ३० हजारांच्या आसपास, २०२५ साठीच्या २३,४०० च्या मर्यादेवर गेलं की वरच्या दर दोन डॉलरमागे पेन्शनमधला एक धरून ठेवतात, म्हणजे ३३०० जातील, ते ६७ नंतर हिशोबात परत येतात म्हणे. पण त्याहून मोठं म्हणजे, ह्या निमित्ताने साइटवर माझ्या कमाईचं स्टेटमेंट उघडलं तर २००३ सालासमोर शून्य! पूर्ण वर्ष काम केलेलं. जुन्या फाइलींत डब्ल्यू-टू (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा फॉर्म) शोधला तेव्हा कळलं, तेव्हाच्या कंपनीने आडनावाच्या जागी माझं मधलं नाव, म्हणजे ह्यांचं नाव, टाकलेलं. बावीस वर्षं मी ते बघितलंच नाही. पेन्शन ठरवताना पस्तीस वर्षांच्या कमाईची सरासरी काढतात, मी १९९८ ला लागले म्हणजे आधीच सात शून्यं आहेत, हे आठवं. दुरुस्तीला तीन वर्षं तीन महिने पंधरा दिवसांची मुदत असते पण तिला अपवाद आहेत, आणि माझ्याकडे डब्ल्यू-टू आहे. म्हणजे खरी घाई करायची असेल तर ह्या कामाची, कारण ह्याला कोणीतरी माणूस बसून बघायलाच लागणार. तुम्हीही आपापलं स्टेटमेंट एकदा वर्षावर्षाने बघा हो, विशेषतः नाव-मधलं नाव-आडनाव असा घोळ असणाऱ्यांनी.

तर माझा विचार असा चाललाय की ह्यांनी थांबावं, मी ते २००३ नीट झालं की माझी लहान रक्कम सुरू करावी, म्हणजे दर महिन्याला काहीतरी येतंय एवढा तरी ह्यांना धीर येईल. ह्यात काही चुकतंय का? अलीकडे कोणी ऑनलाइन अर्ज केला असेल तर मधे अडकला का, की सरळ झाला? (ह्यांचं ६५ चं मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, ऑनलाइन विनासायास झालं होतं, पण ते मागच्या वर्षी.) जुन्या वर्षाची कमाई दुरुस्त करून घेतली असेल तर कागद पोस्टाने पाठवले की अपॉइंटमेंट घेऊन हातात दिले? बारा महिन्यांच्या आत सगळे पैसे परत करून क्लेम मागे घेता येतो, पण आयुष्यात एकदाच, तर तसं कोणी खरंच केलंय का?

आणि ह्यांच्या वयाच्या कोणी पुरुषमाणसाने बायकोचा विचार करून थांबायचं ठरवलं असेल तर प्लीज दोन ओळी लिहा. मी रात्री जेवणानंतर त्यांना वाचून दाखवेन, मला स्वतःला ते बोलता येत नाहीये.