लेप्टो एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही का? बाबांना कसं समजावू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी कुडाळ तालुक्यातली. शाळेत विज्ञान शिकवते. प्रतिकारशक्तीबद्दलचं माझं शिक्षण बीएस्सीपर्यंतचं, पुढचं सगळं गेल्या वर्षभरात घरच्या गरजेपोटी वाचलेलं. त्यामुळे कुठे चुकत असेन तर बिनधास्त सांगा. डॉक्टर, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेले, आणि ज्यांच्या घरात हा ताप येऊन गेलाय, सगळ्यांनीच लिहा.

गेल्या भाद्रपदात बाबांना लेप्टो झाला, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, लेप्टोस्पायरा नावाच्या जंतूचा ताप. वय ६१. पहिले चार दिवस साध्या तापाच्या गोळ्यांवर गेले. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की खाटेवरून पाय खाली सोडवेना. डोळे लालभडक. पाचव्या दिवशी आईने त्यांना उजेडात नेऊन पाहिलं तर डोळे पिवळे, आणि लघवी जवळजवळ बंद. मग गाडी, रुग्णालय, अकरा दिवस. मूत्रपिंडं सावरली, बाबा घरी आले. त्या अकरा दिवसांत आईने काय सोसलं ते लिहीत नाही.

आता आषाढ लागलाय. तरवा काढून लावणी सुरू आहे. आशाताई लेप्टो होऊ नये म्हणून दर आठवड्याला घ्यायच्या डॉक्सीसायक्लिनच्या (प्रतिजैविकाच्या) गोळ्या घरपोच देऊन गेल्या, २०० मिलिग्रॅमची मात्रा. ती पट्टी देवघराच्या कोनाड्यात, गणपतीच्या फोटोमागे, होती तशी आहे. एकही गोळी फोडलेली नाही. विचारलं की बाबांचं उत्तर ठरलेलं: "माका होवन गेलो तो ताप. कांजिण्यो परत येतत? मगे ह्यो कसो येतलो?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न ऐकून मी गप्प बसले. कारण माणूस विचार करून बोलतोय. कांजिण्या, गोवर एकदा झाले की शरीर ते आयुष्यभर लक्षात ठेवतं, हे मीच वर्गात शिकवते.

त्यात भर पडली ज्येष्ठात. मिरग लागल्यावर त्यांना दोन दिवस ताप आला. तालुक्याला रक्त तपासलं, कार्डावरच्या चाचणीत लेप्टोचं आयजीएम (संसर्गानंतर रक्तात आधी येणारी प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढणारी प्रथिनं) पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, गेल्या वर्षीचंच असू शकेल, पण जोखीम नको, सात दिवसांचं औषध घ्या. बाबांनी ते घेतलं, ताप उतरला. पण घरी आल्यावर तो रिपोर्ट त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलाय आणि वाडीत दाखवतात: "रिपोर्टात लिवलेला आसा बघ. रगतात अजून ताकद आसा माझ्या." माझी खरी अडचण ही आहे. पॉझिटिव्ह म्हणजे कवचकुंडलं, असं त्यांनी धरलंय, आणि त्यांचं ऐकून शेजारच्या दोन घरांतही गोळ्या तशाच पडून आहेत.

काल संध्याकाळी ते पडवीत पाय सोडून बसले होते. दोन्ही पायांच्या बोटांमध्ये चिखल्या, कातडी पांढरी पडून सोललेली, टाचेला दोन भेगा, त्यातल्या एकीत अजून कुणग्यातला, म्हणजे भाताच्या वाफ्यातला चिखल. आई खोबरेल लावत होती. उंदराच्या मुतातून चिखलात उतरलेला जंतू आत शिरायला याहून मोठं दार कुठलं?

मला जे समजलंय ते असं.

गोवराचा विषाणू जगभर एकाच तऱ्हेचा. एकदा ओळख पटली की झालं. लेप्टोस्पायराचं तसं नाही. माणसाला आजारी पाडणारे त्याचे २५० हून जास्त उपप्रकार नोंदलेले आहेत. प्रत्येकाच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं एक बाह्य आवरण असतं आणि ते दर उपप्रकारात वेगळं. आपल्या रक्तातल्या बी पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) पहिल्या आजारात मुख्यतः या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतात, आणि मागे राहणाऱ्या स्मृती पेशीही तेच आवरण लक्षात ठेवतात. म्हणजे रात्री पावसात इरलं पांघरून चोर आला, राखणदाराने इरलं नीट ओळखून ठेवलं, तोंड काही पाहिलं नाही. पुढच्या वेळी चोर दुसरं इरलं घेऊन आला की राखणदार त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. त्याच उपप्रकाराने पुन्हा गाठलं तर बाबांचं रक्त लढेल. पण आपल्या कुणग्यांत उंदरांचा, गुरांचा, कुत्र्यांचा मिळून एकच उपप्रकार असेल असं कोण सांगणार?

आणि कार्डावरची चाचणी? ती या जंतूंच्या सगळ्या प्रकारांत समान असलेल्या भागांवर बेतलेली असते, म्हणून कुठल्याही उपप्रकाराची प्रतिपिंडं तिला सापडतात. संरक्षण मात्र त्या-त्या उपप्रकारापुरतं. म्हणजे रिपोर्ट एवढंच सांगतो की चोर कधीतरी येऊन गेला. हे मला बरोबर समजलंय ना?

आणखी एक गोष्ट वाचली, तिने मला फार अस्वस्थ केलं. शरीरात जंतू शिरला की पहिली आरोळी ठोकतात मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी. त्यांच्या अंगावर टीएलआर-४ नावाचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे जंतू ओळखणारा रेणू) असतो, तो ई. कोलायसारख्या जंतूंचं आवरण लगेच ओळखतो. याच कुळातल्या शोधासाठी ब्रूस बॉयटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांना २०११ चं नोबेल मिळालं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या कामातून दिसलं की लेप्टोस्पायराचं आवरण प्रयोगशाळेतल्या उंदरांचा टीएलआर-४ ओळखतो, माणसाचा ओळखत नाही. आपल्याकडे दुसरा एक ग्राहक, टीएलआर-२, थोडीफार जाग आणतो. उंदराच्या मूत्रपिंडात हा जंतू सुखाने राहतो, उंदीर आजारी पडत नाही, आणि आपल्या माणसांची मूत्रपिंडं बंद पडतात, यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं. जंतू पहिले काही दिवस रक्तातून निवांत फिरतो. मग पाचव्या-सातव्या दिवसाच्या आसपास प्रतिपिंडं येतात, जंतू रक्तातून हटतो, पण तोवर यकृत आणि मूत्रपिंडं मार खाऊन बसलेली. बाबांचा पाचवा दिवस मला आठवतो.

म्हणून विचारते. तुमच्यापैकी कुणी एकाच माणसाला दोनदा लेप्टो झालेला पाहिलाय का? ज्येष्ठातलं ते आयजीएम जुनं की नवं, हे आता ठरवायची काही सोय आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं भातलावणीतून दमून आलेल्या माणसाला चार वाक्यांत कसं सांगायचं? रविवारी वाडीतली माणसं आमच्या खळ्यात जमणार आहेत, तेव्हा बोलायचं मनात आहे. घाबरवायचं नाही. बाबांचा चारचौघांत अपमानही व्हायला नको.

प्रतिसाद (ग्रामीण भागात सेवा केलेला एक डॉक्टर)

ताई, तुमची समज बरोबर आहे. दुसऱ्यांदा लेप्टो झालेले रुग्ण मी पाहिलेत.

आयजीएम काही जणांत महिनोन्महिने रेंगाळतं, त्यामुळे एका कार्डावरून जुनं-नवं ठरत नाही. त्यासाठी तापात एकदा आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा असे दोन नमुने घेऊन एमएटी नावाची चाचणी करतात. प्रतिपिंडं चौपट वाढली तर संसर्ग ताजा. पहिल्या आठवड्यात रक्ताचं पीसीआरही (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) उपयोगी. आता ती वेळ गेली, सोडून द्या. तुमच्या डॉक्टरांनी वाट न पाहता औषध दिलं ते उत्तम केलं.

गोळीबद्दल लोकांना खरं तेच सांगा. १९८४ मध्ये पनामात प्रशिक्षण घेणाऱ्या ९४० अमेरिकन सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सी घेणाऱ्यांत एकाला लेप्टो झाला, न घेणाऱ्यांत २० जणांना. पण ते बाहेरून आलेले, थोडे आठवडे जंगलात राहिलेले जवान. आपल्यासारख्या, वर्षानुवर्षं त्याच चिखलात राबणाऱ्यांचं चित्र अंदमानातल्या अभ्यासात दिसतं. तो २००० साली छापून आला. तिथे गोळीने संसर्ग थांबला नाही, पण प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. म्हणजे गोळी घेऊनही ताप आला तर दवाखाना गाठायचाच, आणि "मी शेतात होतो" हे आपणहून सांगायचं. गोळी जेवणावर, भरपूर पाण्याबरोबर, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. गरोदर बायांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना आपल्या मनाने देऊ नका.

चिखल्यांवर आधी उपचार करा. गमबूट लावणीत चिखलात रुततात हे मला माहीत आहे, त्याचा आग्रह धरत नाही. पण पाय धुऊन कोरडे करणं आणि भेग झाकणं रोज जमण्यासारखं आहे.

प्रतिसाद (संगमेश्वरकडचा एक शेतकरी)

आमच्याकडे आजोबांचं असंच होतं. आम्ही गोळी आठवडा बाजाराच्या दिवसाला बांधून टाकली. बाजाराला जायच्या आधी न्याहारी, न्याहारीवर गोळी. विसरायचा प्रश्नच उरला नाही. बाकी ते इरल्याचं जसंच्या तसं सांगा, आमच्या म्हाताऱ्यांना पटलं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. डॉक्टर, अंदमानातला अभ्यास माझ्या वाचनात आला नव्हता. आपल्याच देशातला आणि आपल्यासारख्याच माणसांवरचा, म्हणून रविवारी तोच सांगितला.

इरल्याची गोष्ट बाबांना शनिवारी रात्रीच सांगितली, चारचौघांत त्यांच्यावर वेळ येऊ नये म्हणून. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मगे चोराचा तोंड कोणी बघूकच नाय?" मी सांगितलं की त्यावरच काम चाललंय. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटाने नीट पोहता न येणारा, कमजोर केलेला जिवंत जंतू हॅमस्टरना आणि उंदरांना टोचला. तेव्हा त्यांच्या शरीराने आवरणाऐवजी आतली, अनेक प्रजातींत समान असलेली प्रथिनं ओळखली आणि वेगवेगळ्या प्रजातींपासून त्यांचा बचाव झाला. माणसांसाठी लस काही देशांत आहे, पण ती ठरावीक उपप्रकारांपुरतीच. तोंड ओळखणारी लस आपल्यापर्यंत यायला वेळ आहे, तोवर गोळी. बाबांनी कोनाड्यातून पट्टी काढली, आईकडून पाणी मागितलं.

रविवारी खळ्यात मी बोलायच्या आधी त्यांनीच तो पिशवीतला रिपोर्ट सगळ्यांना दाखवला आणि इरल्याचं सांगितलं. मला फक्त गोळी कशी घ्यायची तेवढं सांगावं लागलं.

पण घरी आल्यावर त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. गोठ्यापाशी थांबून म्हणाले, "आणि बैलांका? तेंका खंयची गोळी?" बैल दिवसभर त्याच चिखलात, आणि गुरांच्या मुतातूनही हा जंतू पसरतो. इथे कुणी पशुवैद्यक असतील तर लिहाल का? आमच्याकडे दोन बैल आणि एक दुभती म्हैस आहे. त्यांची तपासणी करून घ्यायची असेल तर सुरुवात कुठून करायची?