बाबांच्या पंच्याहत्तरीला व्हिक्टोरियाचा क्राऊन द्यायचाय. ५० पौंडांत काय बघून घेऊ?

रानजाई: नमस्कार मंडळी. मी बर्मिंगहॅमला असते, बाबा सांगलीत. त्यांचा जन्म १९४९ चा. नाण्यांचा नाद जुना, पण डब्यात सगळी भारतातलीच. इथलं एकही नाही. म्हणून राणीचा चांदीचा क्राऊन, म्हणजे पाच शिलिंगांचं जुनं नाणं, द्यावा म्हणते. बजेट ५० पौंड, वर एक पेनी नाही. ऑनलाइन एकाच सालचा क्राऊन कुणी ४० ला देतंय, कुणी ४०० ला. हे 'फाइन', 'व्हीएफ', 'ईएफ' काय प्रकरण आहे?

खडूस_म्हातारा: क्राऊन-बिऊन सोड, सरळ गिनी घे. २२ कॅरेट, ८ ग्रॅमला जरा कमी. मी २००५ साली चार घेतल्या होत्या. काय भावाने ते सांगितलं तर रडशील.

स्लाउकर: काका, ५० पौंडांत गिनीचा फोटो येईल. आणि ती गिनी नव्हे, सॉव्हरिन. गिनी २१ शिलिंगांची, शेवटची पाडली १८१३ ला. सॉव्हरिन २० शिलिंगांचं, १८१७ पासूनचं.

खडूस_म्हातारा: हे आमच्या सराफाला सांग. तीन पिढ्या गिनीच म्हणतायत.

पोळपाट: काहीही घे, पण घासू नकोस! माझा १८८९ चा क्राऊन छान काळसर-निळा झाला होता. मी कौतुकाने गावी नेला आणि आमच्या मातोश्रींनी चिंच-मीठ लावून समईच्या जोडीने लख्ख केला. विकायला गेले तर दुकानदाराने नुसता दिव्याखाली तिरका धरला, बारीक चरे दाखवले आणि चांदीच्या वजनाचा भाव सांगितला. आईला अजून वाटतं मी तिचे आभार मानले नाहीत.

काकदृष्टी: मूळ प्रश्नाकडे येऊ का?
इथली चढती भाजणी अशी: फेअर, गुड, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अनसर्क्युलेटेड. 'गुड' वाचून हुरळू नका. नाण्यांत गुड म्हणजे राणी आहे एवढं कळतं. झीज आधी उंचवट्यांवर दिसते. म्हाताऱ्या राणीच्या क्राऊनवर डोक्यावरच्या पदराच्या चुण्या बघ, मागच्या बाजूला घोड्याचं अंग आणि सेंट जॉर्जची मांडी. चुण्या सपाट झाल्या असतील आणि विकणारा 'ईएफ' म्हणत असेल तर पुढे चाल. अमेरिकन विक्रेत्याचा व्हीएफ इथल्या व्हीएफपेक्षा ढिला असतो, तेही ध्यानात ठेव.
वजन २८.२८ ग्रॅम, व्यास साधारण ३८.६ मिमी. झिजलेलं थोडं कमी भरेल, पण २४ भरलं तर गडबड आहे.
चांदीचा भाव चढलाय. ५० मध्ये 'फाइन' मिळालं तरी नशीब. नाहीतर हाफ क्राऊन घे, वजनाने बरोबर निम्मा.

लेस्टरचा_लेले: वजन बघाच, २८ च्या आसपास हवं. मी १९०५ चा एडवर्डचा हाफ क्राऊन घेतला होता. दुर्मीळ साल, स्वस्तात मिळाला म्हणून आठवडाभर मिशीला पीळ. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर साडेबारा ग्रॅम, हवेत १४.१४. विकणाऱ्याचं खातं तोवर गायब. आता फ्रिजवर चिकटवलाय. हो, चिकटतो.

उगाच_एक_शंका: माझ्याकडे आजोबांचा १८३५ चा विल्यम राजाचा रुपया आहे. किती येतील?

स्लाउकर: तो ईस्ट इंडिया कंपनीचा, इथल्या चलनातला नव्हे. आणि विकायला इकडे घेऊन येऊ नका. शंभर वर्षांवरची नाणी भारताबाहेर न्यायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे.

उगाच_एक_शंका: पण राजा तर ब्रिटिशच ना?

पेठेतला_परदेशी: रानजाई, क्राऊनच घ्यायचा तर १८९३ किंवा नंतरचा घे. १८८७ ते ९२ चा ज्युबिली क्राऊन स्वस्त असेल, पण त्यावर 'इंड इम्प' ही पदवी नाही. आपल्या रुपयावर 'एम्प्रेस' १८७७ पासून. इथल्या नाण्यांवर हिंदुस्थानची सम्राज्ञी उमटायला १८९३ उजाडलं. कडेवरून अंगठा फिरव. उठावाच्या लॅटिन अक्षरांत राज्याचं कितवं वर्ष तेही रोमन आकड्यांत असतं. बाई गादीवर आली २० जूनला, म्हणून एकाच सालच्या क्राऊनवर दोन वेगवेगळी वर्षं सापडतात.
अवांतर: स्वातंत्र्य मिळालं तरी ते 'इंड इम्प' १९४८ च्या नाण्यांवर होतंच. गेलं ते १९४९ ला.

काकदृष्टी: +१. पण १९४७ पासून चांदी नाही हो, नुसतं तांबं-निकेल. १९२० पासूनच निम्मी केली होती.

खडूस_म्हातारा: म्हणून म्हणतो, सोनं.

रानजाई: सगळ्यांचे आभार. रविवारी नाण्यांच्या बाजारात जाऊन आले. काटा नेला होता, एक क्राऊन हातातही घेतला. ४८ ला देत होता, पदर पार सपाट. परत ठेवला. शेजारच्या टेबलावर दोन-दोन पौंडांचा ट्रे होता, त्यात अर्धा तास उकरलं. सहाव्या जॉर्जच्या दोन पेन्या घेतल्या, १९४८ ची आणि १९४९ ची. पहिलीवर राजाच्या डोक्यामागून खाली येणाऱ्या अक्षरांचा शेवट 'इंड इम्प', दुसरीवर तिथे 'फिडेई डेफ', म्हणजे धर्मरक्षक. बाकी राजा तोच, ब्रिटानिया तीच. ४९ चीवर अजून थोडी तांबूस चकाकी आहे. बाबांच्याच वयाची! एकूण खर्च ४ पौंड.

खडूस_म्हातारा: बापाच्या पंच्याहत्तरीला दोन पेन्या?

पोळपाट: सांगलीत आईच्या हाती लागू देऊ नकोस.

उगाच_एक_शंका: माझ्या रुपयाचं राहिलंच.