मूल्यं वेळापत्रकात दिसतात
मैदानावरच्या संगीत कार्यक्रमात 'स्थानिकांना प्राधान्य' असं जाहीर केलं की झालं, असं काहींना वाटतं. पटत नाही. मुंबईत मोकळ्या मैदानावरचे स्पीकर एरवी रात्री १० ला बंद. उशीर झाला की कात्री शेवटच्यांवर, आणि शेवटी बहुधा वस्तीतलीच रॅपर पोरं असतात. त्यांना साडेसातची वेळ द्या, पाहुण्या बँडला शेवटची. दोन बँडमध्ये २० मिनिटं ठेवा, ड्रमकिट सगळ्यांना एकच. नाहीतर झांजांचे स्टँड हलवण्यातच अर्धा तास जातो. मानधन साउंडवाल्याच्या बिलाआधी बाजूला काढा. (उरलं तर देऊ, म्हणजे देत नाहीत.) स्पीकरची तोंडं चाळीकडे नकोत, निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलच आहे.