सरकलेली चकती खरंच ‘बसवता’ येते का?

हिंजवडी_रिटर्न: एल-फोर एल-फाइव्हला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या चकतीला, बल्ज (फुगवटा) निघाला. डाव्या पोटरीच्या बाहेरून अंगठ्यापर्यंत मुंग्या, आणि चांदणी चौकातनं स्कूटर काढताना खड्ड्यागणिक देव आठवायचे. तीन आठवडे गोळ्या खाल्ल्या, फरक शून्य. मग मॅन्युअल थेरपी घेतली. पालथं झोपवून थेरपिस्टने कमरेच्या एकेका मणक्यावर लयीत दाब दिला, मांडीमागचे आखडलेले स्नायू मोकळे केले. चौथ्या सिटिंगनंतर मोजे माझे मी घातले. हसू नका, ज्याला बायकोने मोजे घातलेत त्यालाच कळेल. माझं मत स्पष्ट आहे: ऑपरेशनच्या गप्पा मारण्याआधी हाताची ट्रीटमेंट घ्या, चकती बसते.

पेठेतला_खडूस: मोज्यांबद्दल अभिनंदन. पण बहुतेकांचं हे दुखणं सहा ते बारा आठवड्यांत तसंही उतरतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, बिल मात्र कावळ्याने लावलं. आणि तो बल्ज! 2015 साली जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. कंबर अजिबात न दुखणाऱ्यांचे एमआरआय त्यात होते. विशीतल्या 30 टक्क्यांना बल्ज, ऐंशीतल्या 84 टक्क्यांना. म्हणजे रिपोर्टात दिसला तोच चोर, असं नाही.

फिजिओ_कर्वेरोड: माझा धंदाच हा, तरी सांगते: चकती ही कॅरमची सोंगटी नव्हे. फुगवटा हाताने आत ढकलला जात नाही. ‘कट्’ आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या वायूच्या बुडबुड्याचा, काही जागेवर बसल्याचा नाही. हाताने आखडलेपण कमी होतं, दुखणं काही काळ उतरतं. तेवढ्या वेळात व्यायाम करून घ्यायचा. ब्रिटनमध्ये कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या नाइस संस्थेची 2016 ची मार्गदर्शिकाही मॅन्युअल थेरपी व्यायामाच्या जोडीनेच द्या म्हणते. पालथं झोपून कोपरांवर उठताना पायातली कळ कमरेकडे सरकली तर चांगलं लक्षण. खाली पावलाकडे गेली तर तिथेच थांबा.

चिंचवडची_लेक: आमच्या आईची चप्पल जिन्यात पायातून निसटायची. ती म्हणे, पट्टा सैल झालाय. महिनाभर एका मालिशवाल्याकडे नेत होतो, त्याने फक्त तेल बदललं. पाऊल उचलत नव्हतं हे कोणी पाहिलंच नाही. ऑपरेशन झालं, पाऊल पूर्ण परत आलं नाही. पावलातला जोर गेला, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर मसाज नको, तडक हॉस्पिटल गाठा.

हिंजवडी_रिटर्न: ताई, वाचून पोटात गोळा आला. माझ्या थेरपिस्टने पावलातला जोर तपासायला आधी टाचांवर आणि चवड्यांवर चालवून बघितलं होतं, ते लिहायचं राहिलं. ‘चकती बसते’ हे माझे शब्द, तिचे नाहीत. ते मागे घेतो. व्यायामही दिलेत तिने. रोज... जवळजवळ रोज करतो.

पेठेतला_खडूस: म्हणजे व्यायामाने बरे झालात!

हिंजवडी_रिटर्न: अहो, कूस बदलता येत नव्हती. हात लागल्याशिवाय व्यायाम कुठून करणार होतो?

फिजिओ_कर्वेरोड: ते सोडा, अजून स्कूटरच का?

हिंजवडी_रिटर्न: बसमध्ये उभं राहायला जागा मिळवून द्या, आजच विकतो.